तीस सप्टेंबर सरल्यावर

निशा सोनकांबळे मुंबईजवळच्या नवघरमधल्या एका मराठी शाळेत चौथीचा वर्ग घेते. सकाळच्या परिपाठाचं कामही तिच्याकडेच आहे. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि मग दिनविशेष. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं ते एखादी मुलगी माइकसमोर उभी राहून वाचते आणि बाकीची मुलं उन्हात डोळे बारीक करून ऐकल्यासारखं करतात. वीस मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह, सव्वीस जुलैला मुंबईचा महापूर, चौदा ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा. मुलांच्या वह्यांत या ओळी उतरतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत डोक्यातून जातात.

एका तारखेला मात्र निशा दरवर्षी हातचलाखी करायची. तीस सप्टेंबरला ती ‘आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन’ एवढंच वाचायला लावायची. त्याच तारखेला, १९९३ साली, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली होती. हजारो माणसं झोपेतच गेली. निशाच्या सासूचं, तुळसाबाईंचं, गाव तिथून जवळच. त्यांचे यजमान आणि सुलू नावाची सहा वर्षांची मुलगी त्या पहाटे गेली होती. निशाची मुलगी सान्वी त्याच शाळेत तिसरीला होती. ही ओळ तिच्या कानावर माइकवरून पडावी, असं निशाला वाटत नव्हतं.

घरात त्या गोष्टीबद्दल कुणी बोलायचं नाही. तुळसाबाई तर नाहीच. पण एकोणतीस तारखेची संध्याकाळ झाली की त्या चटई, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन खाली कंपाउंडमध्ये उतरायच्या, आणि तीस तारीख पूर्ण मावळेपर्यंत छपराखाली पाऊल टाकायच्या नाहीत. पाऊस असला तर छत्री धरून बसायच्या. वाल्मिक, त्यांचा मुलगा, काशीमीऱ्याला एका गोदामात सुपरवायझर होता. तो आईला जेवणाचा डबा नेऊन द्यायचा आणि शेजारी गप्प बसायचा. बिल्डिंगमधल्या लोकांना वाटायचं, म्हातारीचा काहीतरी नवस आहे.

बिल्डिंग चार मजल्यांची, तीसेक वर्षांपूर्वीची. ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला सोनकांबळ्यांचं घर. त्या काळात इकडच्या बिल्डिंगा खाडीची रेती वापरून बांधल्या, आतल्या सळया खारट रेतीने खाल्ल्या, असं सगळेच बोलायचे. चहा पिताना बोलायचे आणि घरी जाऊन झोपायचे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकानं होती. एक भूपेशभाईंचं फरसाणचं, एक मितेशचं मोबाइल रिपेअरिंगचं. मागचे दोन गाळे कित्येक वर्षं बंद होते. यंदा श्रावणात ते एकाने जिमसाठी भाड्याने घेतले आणि तोडफोड सुरू केली.

आठवडाभर ड्रिलचा आवाज चालला होता. तिसऱ्या मजल्यावर निशाच्या मांडणीतली भांडी थरथरायची. तुळसाबाई कानावर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसून राहायच्या. मग आवाज थांबला, मधली भिंत गेली, दोन गाळ्यांचा एक हॉल झाला. आणि त्यानंतर निशाच्या बाथरूमचं दार लागेनासं झालं.

वाल्मिकने दार खालून रंधा मारून घेतलं. पंधरा दिवसांनी ते पुन्हा अडकायला लागलं. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर भिंतीला एक तडा दिसायला लागला, वरून खाली, तिरपा. पोरं येता-जाता त्यात बोट घालून बघायची. निशाने सोसायटीचे सेक्रेटरी भूपेशभाईंना दाखवला.

“निशाबेन, पुराना बिल्डिंग है, थोडा तो होगाच,” ते म्हणाले. “ऑडिटवाल्याला बोलून ठेवलंय मी. दिवाळीनंतर येतो म्हणाला.”

भूपेशभाई वाईट माणूस नव्हते. कुणाच्या घरी आजारपण आलं की रात्री-अपरात्री गाडी काढायचे. पण बिल्डिंगच्या मजबुतीचं ऑडिट झालं की घरं खाली करा म्हणतील, घरं खाली केली की लोक कुठे जातील, निम्मी सोसायटी आपल्यावरच उलटेल, असा विचार करत ते गेली दोन वर्षं ऑडिट पुढे ढकलत होते. आणि खरं सांगायचं तर घर सोडायला निशासुद्धा तयार नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निशा दोन दिवस तापाने घरी होती. परिपाठाचं काम कौस्तुभ सरांकडे गेलं. सरांनी पुढच्या आठवड्याचे दिनविशेष इंटरनेटवरून काढून मुलांत वाटून टाकले. तीस तारखेचा कागद नेमका सान्वीकडे आला.

शनिवारी संध्याकाळी बायका कंपाउंडमध्ये खुर्च्या टाकून बसल्या होत्या. भूपेशभाईंची बायको जागृतीबेन गवार निवडत होती. पहिल्या मजल्यावरची शकू होती. ती जवळच्या मुर्ध्याची कोळीण, लग्न होऊन इथे आलेली. तुळसाबाई जरा बाजूला, पाय पसरून. सान्वी कागद घेऊन धावत आली आणि पाठांतर म्हणावं तशी मोठ्याने म्हणाली, “तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत विनाशकारी भूकंप. आजी, हे तर आपल्या गावाजवळ ना? तेव्हा तू कुठे होतीस?”

निशा वरून खिडकीतून बघत होती. ओरडून सान्वीला वर बोलवावं, असं तिच्या तोंडापर्यंत आलं. पण सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी सान्वीच्या हातातला कागद घेतला, वाचता येत नव्हतं तरी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि बोलायला लागल्या.

“वरीसभर आधीपासून जमीन गुरगुरायची. खालून कुणी जातं ओढतंय, आसा आवाज. सायेब लोक आले, यंत्रं लावली, गेले. आमी समदं गाव बाहेर झोपायलो. मग थंडी आली, मग पाऊस आला. माणूस किती दिस बाहेर झोपंल? एकेक करून समदे आत गेले. त्या राती गणपती बुडवून गाव दमून आलतं. हिचे आजोबा म्हणले, व्हायचं आसतं तर इतक्या दिसांत झालं आसतं की. सुलूला घेऊन आत गेले. ह्यो वाल्मिक बारका, घामोळ्यानं रडाया लागला, म्हणून मी त्याला घेऊन अंगणात पडले.”

“मग?” सान्वीने विचारलं.

“मग काय, बाळा. माझ्या सासऱ्यानं हौसेनं बांधल्या व्हत्या भिंती, हातभर जाड. वर मातीचं माळवद. समदं आतल्या आत बसलं. आवाज म्हणशील तर एवढुसाच झाला. धूळ मातर दिस उगवला तरी खाली बसंना.”

जागृतीबेनच्या हातातली गवार तशीच राहिली होती. शकूने विचारलं, “मावशी, तुम्हाला आधी काय कललं का न्हाय?”

“दारं अडकायची,” तुळसाबाई म्हणाल्या. “महिनाभर आमच्या घरची दारं अडकायची.”

मग चौथ्या मजल्यावरची एक बाई हळूच म्हणाली, की तिच्या गॅलरीचं दारही गणपतीपासून अडकतंय.

तेवढं एक वाक्य पुरलं. रविवारी सकाळपर्यंत ते सगळ्या विंगमध्ये पसरलं होतं. कुणाची खिडकी, कुणाचं कपाट. तुळसाबाईंच्या भूकंपाची गोष्ट जिन्यातल्या तड्याशी जोडली गेली, आणि तीस तारीख सगळ्यांची झाली.

सोमवारी, तीस सप्टेंबरला, ए विंगमधली अर्धीअधिक माणसं खाली होती. सगळी भीतीने नव्हे. बरीच जण मजा म्हणून. कुणी सुट्टी टाकली, कुणी घरूनच काम असल्याने लॅपटॉप घेऊन झाडाखाली बसला. जागृतीबेनने मोठ्या डब्यात थेपले आणले आणि तुळसाबाईंना आग्रह करकरून वाढले. गाणी लागली. नवरात्राच्या मंडपाचे बांबू आले होते, त्यांवर पोरं चढत होती. मितेशने मोबाइल काढून तुळसाबाईंचा व्हिडिओ केला आणि वर लिहिलं, ‘भूकंपवाली आजी’.

निशा शाळेतून आली तेव्हा सासूबाई त्या गर्दीच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून तिला कसंतरी झालं. इतकी वर्षं एकट्याने सांभाळलेला तो दिवस असा उघड्यावर पडला होता. पण तुळसाबाई चिडलेल्या नव्हत्या. माणसं दिसतायत ना, एवढंच त्या बघत होत्या. मधूनच विचारायच्या, “वर कोण ऱ्हायलं का गं?”

काहीच झालं नाही. ऊन उतरलं, मच्छर आले, दिवे लागले. लोक खुर्च्या उचलून वर गेले.

“आजी, अब अगले साल तक छुट्टी ना?” भूपेशभाई दुकानातून हसत म्हणाले.

तुळसाबाईंनी चटई गुंडाळली. दरवर्षी या क्षणी त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरायचं, ते निशाला ओळखू यायचं. या वेळी तर त्या चक्क हसल्या. जागृतीबेनचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “सरलं बाई. आता वरीसभर भ्या न्हाई.”

पुढच्या दोन दिवसांत तो व्हिडिओ नवघरभर फिरला. बी विंगची पोरं ए विंगच्या पोरांना बघून थरथर कापायचं नाटक करायची. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भूपेशभाईंनी लिहिलं, की कृपया अफवा पसरवू नयेत. त्यांच्या घरात त्यावरून बोलाचाली झाली, ती जिन्यापर्यंत ऐकू आली. सेक्रेटरीची बायको खाली चटई टाकून बसते, लोक काय म्हणतील, असं ते म्हणत होते. जागृतीबेनने दुसऱ्या दिवशी निशाला हसून सांगितलं, “माझं तर नाकच कापलं गेलं.” पण डोळे हसत नव्हते.

तड्याबद्दल आता कुणी बोलेनासं झालं. तो विषय काढणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं.

निशाचा तारखेवर कधीच विश्वास नव्हता. एखादा दिवस सरला म्हणून पिलर कसा सुधारेल? ती रोज बाथरूमचं दार ढकलून बघायची. तडा आता जिन्यातून वर चढून त्यांच्या दाराच्या चौकटीपर्यंत आला होता. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील, दिपेश, राई गावाच्या बाजूला एका बांधकामावर साइट इंजिनिअर होते. रविवारी तिने त्यांना बोलावून घेतलं.

दिपेशनी आधी तडा पाहिला, मग घर पाहिलं, मग म्हणाले, “खालचा गाळा बघता येईल का?”

जिमचं काम रविवारमुळे बंद होतं. वॉचमनने शटर अर्धं वर केलं. आत आरसे लावून झाले होते. हॉलच्या मधोमध एक पिलर उभा होता, त्याच्याभोवती सजावटीला प्लायवूडचं खोकं केलेलं. दिपेशनी एका बाजूची फळी ओढून मोबाइलचा उजेड आत मारला. ते बराच वेळ वाकून बघत होते. निशालाही दिसलं. जागा रुंद करायला पिलरचं सिमेंट दोन बाजूंनी छिलून काढलं होतं. आतल्या सळया लाल, पापुद्रे सुटलेल्या, आणि मध्यावर बाहेरच्या बाजूला वाकलेल्या.

दिपेशनी फळी परत लावली नाही. ते मागे सरकत सरकत शटरबाहेर आले.

“मॅडम, सेक्रेटरी कुठे आहेत?”

भूपेशभाई मंडपात दिवे लावून घेत होते. दिपेशनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, की आजच लोखंडी टेकू लावून घ्या आणि विंग रिकामी करा. महापालिकेला आणि फायर ब्रिगेडला कळवा. भूपेशभाईंचा चेहरा उतरला. पण मंडपात पन्नास माणसं होती, आरतीची वेळ झाली होती.

“कल टेकू मंगवाता हूँ,” ते म्हणाले. “पण खाली करायचं दसऱ्यानंतर बघू. आत्ता बोललो तर लोक मला मारतील. परवाच सगळे खाली बसले होते. काय झालं? काही नाही झालं.”

निशाने त्याच संध्याकाळी महापालिकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. माणूस पाठवतो, असं उत्तर आलं. सोमवारी तिने ग्रुपवर पिलरचा फोटो टाकला. त्याखाली तिघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि एकाने लिहिलं, ‘मॅडम, इस बार कौनसी तारीख है?’ भूपेशभाईंनी टेकू मागवले होते. गाडी आली नव्हती. वाल्मिक म्हणाला, आपण दोन दिवसांत शकूच्या माहेरी मुर्ध्याला खोली बघू. तोवर सान्वीला घेऊन कुठे जायचं, यावर दोघं बोलत राहिले आणि बोलताबोलताच झोपले.

मंगळवार उजाडला. ऑक्टोबरची आठ तारीख. परिपाठात एका मुलाने वायुसेना दिनाची माहिती वाचली. दुपारी निशा सान्वीला घेऊन घरी आली, जेवली, मुलांच्या वह्या तपासायला बसली. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या होत्या, टीव्ही चालू होता.

आधी फरशी वाजली. स्वयंपाकघरातली एक लादी मधोमध टचकन फुटली, जसं कुणी खालून हातोडा मारावा. निशाने मान वर केली. मग खिडकीच्या काचेला आपोआप एक रेघ गेली. आणि बाथरूमचं दार, जे दोन महिने लागत नव्हतं, ते हळूहळू, कुणी हात न लावता, करकरत चौकटीत बसलं.

निशा उठली. सान्वीच्या हाताला धरून तिला दाराबाहेर काढलं. “खाली पळ. गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे. मागे बघायचं नाही.” पोरगी रडायच्या बेतात होती, पण आईचा चेहरा बघून पळाली.

“आई, उठा. आत्ताच्या आत्ता खाली जायचंय.”

तुळसाबाई कुशीवरून वळल्या. “काय झालं?”

“बिल्डिंग चाललीय. उठा.”

“कायतरीच. तीस तारीख सरली की.” त्या खरंच शांत होत्या. “तू उगं भेतीस. आता काय व्हायचं न्हाई.”

जी बाई वर्षानुवर्षं एका तारखेला छत्री धरून पावसात बसली, ती आज पलंगावरून हलत नव्हती. निशाने आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या अंगाला जोर लावला. दंडाला धरून उभं केलं, ढकलत दाराशी आणलं. तिथे चौकटीवरून प्लास्टरचा एक पोपडा निखळून तुळसाबाईंच्या पायाशी पडला, आणि त्यातून धूळ उठली. ती धूळ बघितली आणि त्यांचं अंग एकदम हलकं झालं. त्या स्वतःहून चालायला लागल्या.

उतरताना निशा हाताने दारं बडवत होती. “बाहेर या! सगळे बाहेर या!” समोरचं कुटुंब बाहेर पडलं. वरून चपलांचे आवाज आले. दुसऱ्या मजल्यावर जागृतीबेनने दार उघडलं. हात पिठाचे, अंगावर नवी चणिया-चोळी, संध्याकाळच्या गरब्यासाठी घालून बघत असावी. आतून तळणाचा वास येत होता.

“परत?” ती म्हणाली.

“जागृतीबेन, चला. पिलर गेला.”

“निशाबेन, मी नाही येत. मला आता कुणाला हसवायचं नाही. भूपेश किती बोलला मला त्या दिवशी.”

“अहो, चला म्हणते ना!”

“तेल ठेवलंय. गॅस बंद करून येते हवं तर.”

तुळसाबाईंनी तिचा पिठाचा हात धरला. “जागुरती, चल गं. माझं ऐक.”

जागृतीबेन हसली. त्या हसण्यात राग नव्हता, लहान मुलाची समजूत काढावी तसं ते होतं. “बा, तुम्हीच तर म्हणालात ना, आता वर्षभर भीती नाही.” तिने हात सोडवून घेतला आणि आत वळली. “आले, गॅस बंद करते.”

खालून काहीतरी मोडल्याचा, मोठ्या फांदीसारखा आवाज आला. निशाने सासूबाईंना ओढलं. पहिल्या मजल्यावर शकू आधीच दाराबाहेर होती. “चला, चला, काय उभ्या हाव!” म्हणत तिने तुळसाबाईंचा दुसरा दंड धरला. तिघी कंपाउंडमध्ये आल्या, मंडपाखालून धावत गेटपर्यंत पोचल्या.

मागे फार मोठा आवाज झाला नाही. एखादा ट्रक खडी ओततो, तेवढाच. ए विंगचा मागचा अर्धा भाग वरपासून खालपर्यंत बसत गेला, घराखाली घर, घराखाली घर. पुढचा भाग उघडा पडून उभा राहिला. एका भिंतीवर कॅलेंडर, एका हुकाला शाळेचं दप्तर. मग धूळ आली आणि काही दिसेना.

भूपेशभाई दुकानातून बाहेर धावले होते. ते रस्त्यावर माणसं मोजत होते, एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. निशाजवळ येऊन थांबले. तिने काही सांगायच्या आतच त्यांना कळलं.

जागृतीबेन दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. चौथ्या मजल्यावरचे एक आजोबाही गेले, त्यांना उतरवायला वेळच मिळाला नाही. विंगमधली बाकी माणसं वाचली. पेपरवाल्यांनी निशाचा फोटो मागितला. तिने दिला नाही. जिमवाल्याला पोलिसांनी उचललं. भूपेशभाईंनाही चौकशीला बोलावलं, रात्रभर बसवून सोडलं.

बेघर झालेल्या लोकांची सोय निशाच्याच शाळेच्या हॉलमध्ये केली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भूपेशभाई तिथे आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच. तुळसाबाई भिंतीपासून लांब, हॉलच्या मधोमध बसल्या होत्या. ते त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वाल्मिक आईच्या बाजूला सरकला. हा माणूस आता काय बोलेल, याचा त्याला भरवसा नव्हता.

“आजी, आखिर में उसने कुछ बोला था?” त्यांनी विचारलं.

निशा मधे पडली. “गॅस बंद करून येते म्हणाल्या. येतच होत्या.”

भूपेशभाईंनी मान हलवली. ते उठणार, तेवढ्यात तुळसाबाई म्हणाल्या, “आनखी बोलली.”

“आई, राहू द्या.”

“न्हाई. त्येंच्या बायकूचं बोलणं हाय, त्येंना कळाया पायजे.” त्यांनी भूपेशभाईंकडे सरळ बघितलं. “ती म्हणली, तुमीच म्हणलात वरीसभर भ्या न्हाई. म्या म्हणले व्हते तसं. म्हणून थांबली ती.”

भूपेशभाईंनी खिशातून मोबाइल काढला, काहीतरी उघडलं, आणि वाल्मिकच्या हातात दिला. दिपेशचा मेसेज होता, रविवार संध्याकाळचा: ‘विंग आजच खाली करा.’ त्याखाली भूपेशभाईंनी अंगठा पाठवला होता.

“आपने तो एक बात बोली, आजी,” ते म्हणाले. “मैंने ये पढ़ा था.”

ते उठून गेले.

सोनकांबळे मुर्ध्याला, शकूच्या भावाच्या घरामागच्या खोलीत राहायला गेले. वर पत्रा, समोर सुकायला टाकलेलं जाळं. तुळसाबाईंना पत्रा आवडला. पण त्या झोपत नव्हत्या. पूर्वी वर्षातला एक दिवस त्यांच्या भीतीचा होता. बाकीचे दिवस त्या निवांत असायच्या, पोरीला गोष्टी सांगायच्या. आता तशी सोय राहिली नव्हती. एखादी वाटी पडली तरी त्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

बी विंग पडली नव्हती. आठवडाभर ती रिकामी ठेवली, बाहेरून पट्टी लावली. मग दिवाळी जवळ आली, तसे एकेक करून लोक परत गेले. आमचा पिलर कुणी छिलला नाही, आमची विंग वेगळी, असं म्हणायचे. शाळेत जाताना निशाला त्यांचे कपडे वाळत घातलेले दिसायचे. बिल्डर तोच, रेती तीच. एक दिवस तिला पहिल्या मजल्यावर आकाशकंदील दिसला, आणि ती रिक्षातून उतरून बराच वेळ तिथे उभी राहिली.

घरी येऊन तिने सासूबाईंना सांगितलं. तुळसाबाई लगेच उठल्या. चपला घातल्या.

दोघी बी विंगच्या जिन्यात शिरल्या तेव्हा लोक दुपारचं जेवत होते. तळमजल्याचं पहिलं दार उघडलंच नाही. आतून कुणीतरी दाराच्या भोकातून बघून गेलं. दुसऱ्या दारी एका माणसाने, आम्ही ऑडिट करून घेतोय, असं म्हणून दार लोटलं. पहिल्या मजल्यावर शिवांगी नावाच्या तरुण बाईने दार उघडलं, कडेवर मूल. तिने तुळसाबाईंना ओळखलं. तो व्हिडिओ तिनेही पाहिला होता, आणि नंतर ढिगाऱ्याचाही.

“आजी,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “किस दिन होगा?”

“ते मला ठावं न्हाई,” तुळसाबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, ठावं हाय. म्हणून एक पोरगी गेली. तू तारीख इचारू नकोस. दारं बघ तुझ्या घरची, लागतात का.”

शिवांगी मागे वळून आपल्या घराकडे बघत राहिली. आतून तिच्या सासऱ्यांनी कोण आहे म्हणून विचारलं. तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आतल्या खोलीचं दार एका हाताने ढकललं. ते तीन बोटं उरली तिथे अडकलं.

निशा पुढच्या दाराची बेल वाजवायला गेली.